गाण्याचा नंबर : मोजणीचा एक अभ्यास

ज्या गोष्टीवर मनुष्याचे प्रेम जडते, ती गोष्ट इतरांनाही आवडावी असे त्यास वाटते. आणि ती किती जणांना आवडली हे मोजून पाहण्याचा मोह त्यास आवरत नाही. क्रिकेटपटूच्या धावा, नाटकाचे प्रयोग, पुस्तकाच्या आवृत्त्या यांचे आकडे आपण याच ओढीने तोंडपाठ करतो. संगीताच्या क्षेत्रात या ओढीतून एक स्वतंत्र व्यवस्थाच उभी राहिली आहे. ती म्हणजे गाण्यांची साप्ताहिक क्रमवारी. इंग्लंड-अमेरिकेत तिला 'चार्ट' म्हणतात. आवडत्या रॉक बँडचे नवे गाणे बाहेर पडले, की ते या आठवड्यात कितव्या क्रमांकावर आले, गेल्या आठवड्याहून किती पायऱ्या चढले वा उतरले, याचा हिशेब त्या बँडचे चाहते एखाद्या कसलेल्या कारकुनाच्या काटेकोरपणाने ठेवतात.

वरवर पाहता हा निव्वळ करमणुकीचा विषय वाटेल. परंतु मोजणी म्हणजे काय, आकडा काय सांगतो आणि काय सांगत नाही, हे शिकण्यास याहून सोपे व रंजक उदाहरण क्वचितच सापडेल. म्हणून प्रस्तुत लेखात आम्ही या क्रमवारीचा थोडा अभ्यास करणार आहोत.

क्रमवारीचा जन्म

इंग्लंडमधील पहिली विक्रीवर आधारलेली क्रमवारी १४ नोव्हेंबर १९५२ रोजी 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' या साप्ताहिकात छापली गेली. ती तयार करण्याची रीत अगदी साधी होती. साप्ताहिकातील पर्सी डिकिन्स या गृहस्थांनी सुमारे वीस दुकानदारांना दूरध्वनी करून, तुमच्याकडे कोणत्या तबकड्या अधिक खपल्या, असे विचारले आणि त्या उत्तरांवरून बारा क्रमांकांची यादी बनविली. मौज अशी, की काही क्रमांकांवर बरोबरी झाल्यामुळे बारा जागांवर पंधरा गाणी बसली! पहिला क्रमांक अल मार्टिनो या गायकाच्या 'हियर इन माय हार्ट' या गाण्यास मिळाला.

योगायोग पाहा. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांच्या आवाजात 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि पुढे तिलाही क्रमवारीचे रूप आले. आपल्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींना ते 'पायदान' अजूनही आठवत असतील. तेथेही रेकॉर्ड विकणाऱ्यांकडून आलेली माहिती व श्रोतासंघांची मते यांवरून गाण्यांचा क्रम लावीत. तेव्हा आवडत्या गाण्याची पायरी मोजत बसण्याचे वेड केवळ साहेबाच्या देशाचे आहे असे कोणी समजू नये.

या ठिकाणी एक शब्द समजून घेतला पाहिजे. पूर्वी एका बाजूस मुख्य गाणे व दुसऱ्या बाजूस जोडीचे गाणे अशी लहान तबकडी विकली जाई. तिला 'सिंगल' म्हणत. पुढे सीडी आली, मग संगणकावर उतरवून घेण्याची गाणी आली, मग इंटरनेटवरून नुसते ऐकणे आले. तरी सुटे म्हणून प्रसिद्ध केलेल्या गाण्यास सिंगल हेच नाव राहिले. क्रमवारीत चढउतार होतो तो या सिंगलचा.

एका गाण्याचा प्रवास

आता एक प्रत्यक्ष उदाहरण घेऊ. ते निवडण्यास एक कारण आहे. 'क्वीन' या इंग्लिश रॉक बँडचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी हा जन्माने फारोख बलसारा. झांझिबारमध्ये जन्मलेला पारशी मुलगा. त्याचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले. तेथेच तो पियानो शिकला आणि शाळासोबत्यांसह त्याने 'द हेक्टिक्स' नावाचा छोटा बँडही काढला. १९६४ मध्ये त्याचे कुटुंब इंग्लंडला गेले.

३१ ऑक्टोबर १९७५ रोजी क्वीनचे 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' हे नवे सिंगल प्रसिद्ध झाले. त्या काळी सिंगल सुमारे तीन मिनिटांचे असावे असा संकेत होता; हे गाणे जवळजवळ सहा मिनिटांचे होते. त्यात ध्रुवपदाची आवृत्ती नाही आणि मध्येच ऑपेरासारखा भाग येतो. एवढे लांब गाणे आकाशवाणी केंद्रे वाजविणार नाहीत, अशी धास्ती रेकॉर्ड कंपनीस वाटत होती. परंतु लंडनच्या कॅपिटल रेडिओवरील केनी एव्हरेट या निवेदकास ते इतके आवडले, की दोन दिवसांत त्याने ते चौदा वेळा वाजविले, असे सांगतात.

त्या वर्षांत इंग्लंडची क्रमवारी एक बाजार-संशोधन संस्था तयार करीत असे. ठरावीक दुकानदार विकलेल्या प्रत्येक सिंगलची नोंद वहीत करीत व त्या वह्या टपालाने पाठवीत. मंगळवारी दुपारी बी.बी.सी.च्या रेडिओवर निकाल जाहीर होई. क्वीनच्या चाहत्यांनी त्या महिन्यात कोणते आकडे टिपले असतील ते पाहा. ८ नोव्हेंबरच्या यादीत गाणे ४७ व्या क्रमांकावर आले. १५ नोव्हेंबरला १७ व्या, २२ नोव्हेंबरला ९ व्या आणि २९ नोव्हेंबरला पहिल्या. पहिल्या स्थानी ते सलग नऊ आठवडे राहिले.

विद्यार्थ्यांनी हे चार बिंदू आलेखाच्या कागदावर मांडून पाहावे. त्यातून कार्यकारणाचा एक धडा मिळतो. या गाण्यासाठी बँडने १० नोव्हेंबर रोजी एक लहान चित्रफीत घेतली आणि ती २० नोव्हेंबरला दूरचित्रवाणीच्या 'टॉप ऑफ द पॉप्स' या कार्यक्रमात दाखविली गेली. त्यानंतरच्या यादीत गाणे पहिले आले. म्हणून कित्येक जण म्हणतात, चित्रफितीने गाणे वर नेले. त्यात तथ्य असेलही. परंतु आपल्या आलेखाकडे पुन्हा पाहा. चित्रफीत दिसण्यापूर्वीच गाणे ४७ वरून १७ वर व १७ वरून ९ वर आले होते. एक गोष्ट दुसरीच्या नंतर घडली, एवढ्यावरून ती दुसरीमुळे घडली असे सिद्ध होत नाही. चढण अगोदरच सुरू होती. चित्रफितीने तिला हात दिला असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

क्रम काय लपवितो?

क्रमांकाचा पहिला दोष असा, की तो अंतर सांगत नाही. समजा, एका आठवड्यात तीन गाण्यांच्या अनुक्रमे १०००, ९९० व १० प्रती खपल्या. त्यांचे क्रमांक पहिला, दुसरा व तिसरा. पहिल्या-दुसऱ्यांत दहा प्रतींचा फरक, दुसऱ्या-तिसऱ्यांत ९८० प्रतींचा. परंतु क्रमवारीत दोन्ही ठिकाणी एकच पायरी!

दुसरे असे, की क्रम कोणी लावला यावरही तो अवलंबून असतो. १९६३ च्या आरंभी बीटल्सचे 'प्लीज प्लीज मी' हे सिंगल 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' व 'मेलडी मेकर' यांच्या याद्यांत पहिले आले. परंतु 'रेकॉर्ड रिटेलर' या व्यापारी पत्राच्या यादीत त्यास दुसऱ्या क्रमांकापलीकडे जाता आले नाही. गाणे तेच, लोक तेच, देश तोच. फरक एवढाच, की प्रत्येक पत्राने वेगळी दुकाने विचारली व वेगळ्या रीतीने बेरीज केली. पुढे उत्तरकालीन याद्यांनी 'रेकॉर्ड रिटेलर'ची परंपरा प्रमाण मानली, म्हणून अधिकृत नोंदीत ते गाणे आजही दुसरेच आहे.

देश बदलला की निराळाच निकाल लागतो. 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' इंग्लंडात नऊ आठवडे पहिले असले, तरी अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' या यादीत ते १९७६ मध्ये नवव्या क्रमांकापर्यंतच पोहोचले. 'वेन्स वर्ल्ड' या विनोदी चित्रपटात ते वापरले गेल्यावर १९९२ मध्ये तेच गाणे तेथे दुसऱ्या क्रमांकावर चढले. सोळा वर्षांत त्या गाण्यातील एक स्वरही बदलला नव्हता.

तिसरी गोष्ट काळाची. मोजणी केव्हा सुरू झाली व केव्हा संपली? याचे उत्तम उदाहरण २०२३ मधील आहे. जॉन लेननने आपल्या घरी ध्वनिमुद्रित करून ठेवलेल्या एका जुन्या गाण्यातून संगणकाच्या साहाय्याने त्याचा आवाज स्वच्छ वेगळा काढण्यात आला आणि हयात असलेल्या दोघा सहकाऱ्यांनी 'नाऊ अँड देन' हे बीटल्सचे गाणे पुरे केले. ते गुरुवार, २ नोव्हेंबर रोजी दुपारी प्रसिद्ध झाले. इंग्लंडातील मोजणीचा आठवडा मात्र शुक्रवारी सुरू होऊन गुरुवारी संपतो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीच्या यादीत अवघ्या दहा तासांची बेरीज आली आणि गाणे ४२ वे ठरले. पुढच्या शुक्रवारी, १० नोव्हेंबरला, पूर्ण आठवडा हिशेबात धरताच ते पहिले आले! बीटल्सचे याआधीचे पहिले आलेले गाणे १९६९ चे. मध्ये ५४ वर्षे लोटली होती.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे मोजले काय? १९७५ मध्ये विकत घेतलेली तबकडी मोजली जाई. जुलै २०१४ पासून इंग्लंडात इंटरनेटवरील ऐकणेही सिंगलच्या हिशेबात धरू लागले. आरंभी शंभर वेळा ऐकणे म्हणजे एक विक्री असे मानले गेले. पुढे, जुलै २०१८ मध्ये, वर्गणी भरून ऐकणाऱ्यांसाठी शंभर व फुकट ऐकणाऱ्यांसाठी सहाशे वेळा, असे प्रमाण ठरले. हे प्रमाण निसर्गाने घालून दिलेले नाही. माणसांनी बसून ठरविले आहे. माप बदलले की मोजलेली वस्तूही वेगळी दिसू लागते.

म्हणूनच दोन काळांतील क्रमांकांची तुलना जपून करावी. ऑगस्ट १९९५ मध्ये 'ब्लर' व 'ओएसिस' या दोन बँडांची सिंगल्स एकाच दिवशी बाजारात आली. सारा देश जणू दोन तटांत विभागला गेला. निकालाअंती ब्लरच्या 'कंट्री हाऊस'च्या सुमारे २,७४,००० व ओएसिसच्या 'रोल विथ इट'च्या सुमारे २,१६,००० प्रती खपल्या. ओएसिस दुसरे आले. २०२३ मध्ये 'नाऊ अँड देन' पहिले आले ते विक्री व ऐकणे मिळून सुमारे ७८,२०० च्या बेरजेवर. एका काळी दोन लाखांहून अधिक प्रतींना दुसरा क्रमांक, तर दुसऱ्या काळी ऐंशी हजारांहून कमी आकड्यास पहिला! यावरून बीटल्स लहान व ओएसिस मोठे असा निष्कर्ष काढणारा विद्यार्थी मापे न पाहता मण आणि लिटर यांची तुलना करणाऱ्या दुकानदारासारखा ठरेल.

मोजणारे आणि मोजविणारे

येथवर आम्ही चाहत्यांना केवळ प्रेक्षक मानले. परंतु क्रमवारीकडे टक लावून पाहणारा चाहता फार काळ नुसता पाहत बसत नाही. तो तराजूस हात लावतो. पावसाची मोजणी कितीही केली तरी पाऊस वाढत नाही. माणसांच्या आवडीची मोजणी मात्र माणसांना कळते, आणि कळल्याबरोबर ती त्यांच्या वागण्यात उतरते.

यातील अप्रामाणिक प्रकार प्रथम सांगू. ठरावीक दुकानांतीलच विक्री मोजली जात असे, त्या काळी ती दुकाने कोणती हे हुडकून काढावे, तेथे आपली माणसे पाठवून आपल्याच तबकड्या विकत घ्याव्यात, असे डाव खेळले गेले. त्यांना आळा घालण्यासाठी मोजणीच्या पद्धती पुनःपुन्हा सुधाराव्या लागल्या. १९८३ पासून इंग्लंडात ही माहिती संगणकाने गोळा होऊ लागली, तर अमेरिकेत १९९१ मध्ये दुकानांतील यंत्राने वाचलेली पट्टीखूण हिशेबात आली.

दुसरा प्रकार प्रामाणिक, परंतु विचार करण्याजोगा. इंग्लंडात नाताळच्या आठवड्यातील पहिल्या क्रमांकास विशेष मान आहे. २००५ ते २००८ अशी चार वर्षे तो मान दूरचित्रवाणीवरील 'द एक्स फॅक्टर' या गायनस्पर्धेच्या विजेत्यांनी मिळविला. २००९ मध्ये काही रसिकांनी फेसबुकवरून हाक दिली, की या वर्षी सर्वांनी मिळून अमेरिकेतील 'रेज अगेन्स्ट द मशीन' या बँडचे जुने 'किलिंग इन द नेम' हे गाणे विकत घ्यावे. १९९३ मध्ये हेच गाणे इंग्लंडात २५ व्या क्रमांकापलीकडे गेले नव्हते. या हाकेमुळे एका आठवड्यात त्याच्या पाच लाखांहून अधिक प्रती खपल्या व ते नाताळचे पहिले गाणे ठरले. त्या निमित्ताने बेघरांसाठी काम करणाऱ्या 'शेल्टर' या संस्थेकरिता निधीही जमला.

तेव्हा लोकांना ते गाणे एकाएकी आवडू लागले काय? कित्येकांना आवडत असेलच. परंतु कित्येकांनी ते एक मत म्हणून, निषेध म्हणून विकत घेतले. यादीने मात्र दोघांनाही सारखेच मोजले. खरेदीची पावती हेतू सांगत नाही.

याहून हृदयस्पर्शी उदाहरण क्वीनचेच आहे. २४ नोव्हेंबर १९९१ रोजी फ्रेडी मर्क्युरी एड्सच्या विकाराने निवर्तला. डिसेंबरात 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' पुन्हा प्रसिद्ध करण्यात आले व त्याचे उत्पन्न एड्सग्रस्तांसाठी झटणाऱ्या 'टेरेन्स हिगिन्स ट्रस्ट' या संस्थेस देण्याचे ठरले. गाणे पुन्हा पहिल्या क्रमांकावर आले व पाच आठवडे तेथे राहिले. १९७५ च्या यादीत '१' लिहिले होते, १९९१ च्या यादीतही '१' च लिहिले होते. पहिल्या वेळी त्या आकड्यात नवलाई होती. दुसऱ्या वेळी त्यात शोक होता, कृतज्ञता होती आणि ज्या रोगाचे नाव घेण्यासही लोक कचरत, त्या रोगाच्या पीडितांस दिलेली मदत होती. दोन्ही आकडे कागदावर हुबेहूब सारखे. त्यांतील अर्थ जाणण्यास यादीबाहेर यावे लागते.

क्रम आणि मोल

मग या क्रमवाऱ्या टाकाऊ समजाव्यात काय? आमचे मत तसे नाही. ठरावीक ठिकाणी, ठरावीक काळात, ठरावीक मापाने लोक कशाकडे वळले, हे त्या सांगतात. आणि समाजाच्या इतिहासात ही माहिती मोलाची असते. दोष यादीचा नसून, ती जे सांगत नाही तेही तिच्याकडून वदवून घेणाऱ्या वाचकाचा आहे.

गुणवत्तेविषयी यादी किती अबोल असते, ते पाहा. अमेरिकेच्या 'क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल' या बँडची १९६९ व १९७० या दोन वर्षांत पाच सिंगल्स 'हॉट १००' मध्ये दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोहोचली. पहिला क्रमांक त्यांस कधीच मिळाला नाही. ती गाणी मात्र आजही वाजतात. १९६७ मध्ये बीटल्सचे 'पेनी लेन' व 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' हे जोडसिंगल इंग्लंडच्या अधिकृत यादीत दुसरेच राहिले. त्याची वाट अडविली ती एंगलबर्ट हंपरडिंक याच्या 'रिलीज मी'ने. हा गायक आपल्या मद्रासेत जन्मलेला. आणि 'लेड झेपेलिन' या बँडचे १९७१ चे 'स्टेअरवे टू हेवन' तर त्या काळी इंग्लंड-अमेरिकेत सिंगल म्हणून विक्रीस काढलेच नव्हते. रॉक संगीतातील अत्यंत प्रसिद्ध गाण्यांपैकी ते एक. परंतु ज्या शर्यतीत नावच घातले नाही, तिच्यात नंबर कसा लागणार?

म्हणून कोणतीही क्रमवारी समोर आली, की चार प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांनी लावून घ्यावी. मोजले कोणी? मोजले काय? केव्हापासून केव्हापर्यंत मोजले? आणि मोजणीतून सुटले कोण? हे चार प्रश्न गाण्यांच्या यादीस जितके लागू आहेत, तितकेच निवडणुकीच्या अंदाजास, जाहिरातीतील दाव्यास व वर्तमानपत्रातील आकड्यासही लागू आहेत.

एक प्रयोग वर्गात करून पाहण्याजोगा आहे. दहा गाणी निवडावीत आणि तीन रीतींनी क्रम लावावा. प्रथम प्रत्येकाने एकाच आवडत्या गाण्यास मत द्यावे. मग प्रत्येकाने तीन गाणी निवडून त्यांस तीन, दोन व एक असे गुण द्यावेत. शेवटी आठवडाभरात कोणते गाणे किती वेळा ऐकले याची प्रामाणिक नोंद करून बेरीज करावी. तिन्ही याद्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात. पहिला क्रमांक तिन्हींत एकच आला तर उत्तम. न आल्यास त्याहून उत्तम, कारण मग वाद होईल आणि त्या वादातून शिकावयास मिळेल.

आमच्या बालवाचकांना नंबरांचे जग काही नवे नाही. गाण्यांप्रमाणेच त्यांचीही एक यादी दरवर्षी शाळेच्या फलकावर लागते. त्या यादीकडेही याच डोळस नजरेने पाहावे. ती ठरावीक विषयांतील, ठरावीक तीन तासांतील, ठरावीक प्रश्नांची उत्तरे मोजते. तेवढे ती खरे सांगते, म्हणून तिचा मान राखावा व वर चढण्यासाठी मनापासून झटावे. परंतु ४२ व्या क्रमांकावरच्या गाण्यास मोजणीला केवळ दहा तास मिळाले होते, हे विसरू नये. आणि शेजारच्या बाकावरील मित्राचा नंबर खाली लागला, तर त्यालाही ही गोष्ट अवश्य सांगावी.